ट्रोम्सो ते लाँगइयरब्येन : हवाई अंतर नेमके किती धरावे?

उत्तरवारा (धागाकर्ता)

नमस्कार. नॉर्वेच्या मुख्य भूमीवरचे ट्रोम्सो आणि स्वालबार्ड द्वीपसमूहातले लाँगइयरब्येन या दोन विमानतळांमधले हवाई अंतर किती, हा प्रश्न दिसायला एका ओळीचा आहे. अंतर मोजून देणाऱ्या कोणत्याही संकेतस्थळाला विचारले तर ते ९६० किलोमीटरच्या आसपासचा आकडा देते. विषय तिथेच संपतो असे मला वाटत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

पहिली अडचण नकाशाची आहे. फोनवर सर्रास दिसणारा सपाट नकाशा उघडा, या दोन ठिकाणांमध्ये एक रेघ ओढा आणि तीच रेघ, तिची लांबी न बदलता, उचलून मुंबईवर उभी ठेवा. तिचे दुसरे टोक दिल्ली आणि काश्मीर यांचे अक्षांश व मध्य आशियातले डोंगर ओलांडून कझाकस्तानातल्या बल्खाश सरोवरापाशी जाते. प्रत्यक्षात मात्र ट्रोम्सो ते लाँगइयरब्येन हे अंतर मुंबई ते दिल्ली या हवाई अंतरापेक्षाही सुमारे १८० किलोमीटरने कमी आहे. रोज हाताळल्या जाणाऱ्या नकाशात एवढी तफावत असावी आणि ती बहुतेकांच्या लक्षातही येऊ नये, ही गोष्ट मला गंभीर वाटते. उत्तरेकडचा प्रदेश किती दूर आहे आणि किती मोठा आहे, याविषयीचे आपले मत अशाच नकाशांवरून बनत असते.

यामागचे कारण मर्केटर प्रक्षेपणात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याच्या एका रीतीत आहे. त्यात दिशा आणि लहान भूभागांचे आकार खरे राहावेत म्हणून विषुववृत्तापासून दूर जाताना प्रमाण ताणले जाते. ६० अंश अक्षांशावर हा ताण दुप्पट होतो, ट्रोम्सोच्या अक्षांशावर जवळपास २.९ पट आणि लाँगइयरब्येनला ४.९ पट. म्हणजे आपण ओढलेल्या एकाच रेघेच्या दोन टोकांना दोन वेगळी प्रमाणे लागू होतात.

दुसरी अडचण अशी की ९६० हा आकडा नेमका कोणाच्या उपयोगाचा आहे, हे स्पष्ट होत नाही. विमान तेवढेच अंतर कापते का? वैमानिक इंधन भरताना याच आकड्याचा विचार करतो का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती.

रेखावृत्त

धागा आवडला. आकडेमोडीचा भाग मी मांडतो, म्हणजे पुढची चर्चा पक्क्या पायावर होईल.

ट्रोम्सो विमानतळ साधारण ६९.६८ अंश उत्तर अक्षांश आणि १८.९२ अंश पूर्व रेखांशावर आहे. लाँगइयरब्येनचा विमानतळ ७८.२५ अंश उत्तर आणि १५.४७ अंश पूर्व येथे आहे. दोन्ही आकड्यांतला फरक पाहिला तर उत्तर-दक्षिण सुमारे ८.५६ अंश आणि पूर्व-पश्चिम सुमारे ३.४५ अंश मिळतो. ३.४५ अंशांचा हा फरक विषुववृत्तावर असता तर ३८० किलोमीटरच्या वर गेला असता. रेखावृत्ते ध्रुवाकडे एकमेकांजवळ येत असल्याने ट्रोम्सोच्या अक्षांशावर तेवढेच अंश १३३ किलोमीटर होतात आणि लाँगइयरब्येनच्या अक्षांशावर जेमतेम ७८. त्यामुळे या मार्गाचे अंतर जवळजवळ पूर्णपणे अक्षांशांतल्या फरकावरून ठरते आणि रेखांशांचा त्यातला वाटा अगदी अल्प राहतो.

पृथ्वी ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा परिपूर्ण गोल मानून बृहद्वृत्तावरचे, म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठभागावरच्या सर्वांत जवळच्या वाटेचे अंतर काढले तर ते ९५८ किलोमीटर येते. पृथ्वी तशी नाही. तिची विषुववृत्तीय त्रिज्या ध्रुवीय त्रिज्येपेक्षा सुमारे २१ किलोमीटरने जास्त आहे, आणि ध्रुवांकडे ती चपटी असल्यामुळे तिथली वक्रता सौम्य आहे. परिणामी अक्षांशाचा एक अंश विषुववृत्ताजवळ ११०.६ किलोमीटर भरतो, तर ध्रुवाजवळ १११.७. हा चपटेपणा धरला की आपले अंतर ९६१ ते ९६२ किलोमीटर होते. एखादे संकेतस्थळ ९५८ आणि दुसरे ९६१ सांगत असेल तर त्यांपैकी कोणी चुकले असे समजू नये. त्यांनी पृथ्वीचा आकार वेगवेगळा गृहीत धरलेला असतो.

विमानचालनात हेच अंतर सागरी मैलांत सांगतात. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर, अर्थात अक्षांशाच्या एका कलेइतके (अंशाच्या साठाव्या भागाइतके) अंतर. त्या मापाने हा मार्ग सुमारे ५१९ सागरी मैलांचा आहे. उत्तर-दक्षिण मार्गांसाठी हे माप फार सोयीचे पडते. ८.५६ अंशांना ६० ने गुणले की ५१४ मैल तोंडी निघतात आणि उरलेले चार-पाच मैल पृथ्वीचा चपटेपणा व रेखांशांतला फरक यांमुळे वाढतात.

डोंगरवाट

रेखावृत्त, आपण सांगितलेले पटले, पण एक शंका आहे. लांबच्या विमानप्रवासात नकाशावर विमानाचा मार्ग कमानीसारखा वाकलेला दिसतो आणि तो वाकडा मार्गच खरा जवळचा असतो, असे नेहमी सांगितले जाते. मग ट्रोम्सोहून लाँगइयरब्येनला जातानाही मार्ग तसा वाकतो का? वाकत असेल तर किती?

रेखावृत्त

वाकतो, पण अगदी किंचित. ट्रोम्सोहून निघताना बृहद्वृत्ताची दिशा खऱ्या उत्तरेपासून पावणेपाच अंश पश्चिमेला असते आणि लाँगइयरब्येनला पोहोचेपर्यंत ती आठ अंशांपर्यंत जाते. एवढा प्रवास होऊनही दिशेत जेमतेम सव्वातीन अंशांचा फरक पडतो. मार्ग जवळपास रेखावृत्ताला धरून जात असेल तर सरळ रेघ आणि बृहद्वृत्त यांत फारसा भेद उरत नाही, आणि येथे तीच स्थिती आहे.

हा भेद खरोखर पाहायचा असेल तर अतिउत्तरेकडचीच, पण पूर्व-पश्चिम दूर असलेली जोडी घ्यावी. लाँगइयरब्येन आणि अलास्काच्या उत्तर टोकाचे उत्किआग्विक, ज्याचे जुने नाव बॅरो होते, यांच्या रेखांशांत १७२ अंशांचा फरक आहे. होकायंत्राची एकच दिशा धरून निघालो तर हे अंतर सुमारे ५,००० किलोमीटर पडते. बृहद्वृत्ताने, म्हणजे उत्तर ध्रुवाला जवळजवळ स्पर्श करून गेलो, तर ते सुमारे ३,३८० किलोमीटरच आहे. सपाट नकाशावर ही दोन गावे एकमेकांपासून जवळपास अर्ध्या नकाशाच्या रुंदीइतकी दूर दिसतात, कारण त्यांना जोडणारा ध्रुव त्या नकाशात दाखवताच येत नाही. मर्केटर नकाशात ध्रुव अनंत अंतरावर जातो.

उत्तरवारा (धागाकर्ता)

रेखावृत्त, मनापासून आभार. ध्रुवाचा उल्लेख झाला म्हणून त्यात एका आकड्याची भर घालतो. लाँगइयरब्येनपासून उत्तर ध्रुव सुमारे १,३१० किलोमीटरवर आहे. म्हणजे नियमित प्रवासी विमानसेवा असलेल्या जगातल्या या सर्वांत उत्तरेकडच्या विमानतळाला ध्रुवापेक्षा ट्रोम्सो बरेच जवळ आहे. सपाट नकाशावर लहानपणापासून जोपासलेल्या कल्पनेला हे मानणे जड जाते.

आता या मार्गावरून प्रत्यक्ष प्रवास केलेल्या कोणाचा अनुभव वाचायला मिळाला तर चर्चा अधिक भरीव होईल.

पारिजात

मी ट्रोम्सोमध्ये राहते आणि कामानिमित्त या मार्गाने ये-जा होते, म्हणून लिहिते. वेळापत्रकात हा प्रवास दीड ते पावणेदोन तासांचा दिसतो. जेट विमान उंचीवर ताशी आठशेच्या वर वेग घेते, त्या हिशेबाने ९६० किलोमीटरला तास-सव्वातास पुरायला हवा. उरलेला वेळ धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे, उतरणे आणि शेवटचे वळण यांत जातो. लाँगइयरब्येनची धावपट्टी समुद्राच्या काठाने साधारण पूर्व-पश्चिम आहे आणि विमान येते दक्षिणेकडून, त्यामुळे शेवटी वळसा घ्यावाच लागतो.

ओस्लोहून येणाऱ्यांसाठी एक उपयोगाची गोष्ट सांगते. ओस्लो ते लाँगइयरब्येन थेट अंतर सुमारे २,०२० किलोमीटर आहे. वाटेत ट्रोम्सोला थांबून गेले तरी एकूण अंतर २,०८० च्या आसपासच भरते, कारण ट्रोम्सो जवळजवळ वाटेवरच आहे. अंतर जेमतेम ६० किलोमीटर वाढते, वेळ मात्र बराच वाढतो. स्वालबार्ड नॉर्वेच्या सार्वभौमत्वाखाली असले तरी शेंगेन क्षेत्राबाहेर, म्हणजे आपापसांत पारपत्र न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर आहे, म्हणून ट्रोम्सोला सर्वांना सामानासह खाली उतरवून पारपत्र तपासतात आणि मग पुन्हा त्याच विमानात बसवतात. भारतीय पारपत्रावर जाणाऱ्यांनी शेंगेन व्हिसा दोन प्रवेशांचा घ्यावा, कारण स्वालबार्डहून परतताना आपण त्या क्षेत्रात दुसऱ्यांदा प्रवेश करत असतो. ही बाब पुष्कळांना शेवटच्या क्षणी कळते आणि मग मनस्ताप होतो.

आता या धाग्याशी थेट संबंध असलेला अनुभव. हिवाळ्यात एकदा आमचे विमान लाँगइयरब्येनजवळच्या इसफ्योर्ड या खाडीपर्यंत पोहोचले. खाली काळोख होता आणि पंखाच्या दिव्याच्या झोतात बर्फ आडवा धावताना दिसत होता. विमान दोनदा खाली आले आणि दोन्ही वेळा इंजिनांचा आवाज वाढवून पुन्हा वर गेले. त्यानंतर वैमानिकाने आधी नॉर्वेजियनमध्ये आणि मग इंग्रजीत, अतिशय शांत आवाजात, आपण ट्रोम्सोला परत जात आहोत असे सांगितले. माझ्या शेजारी बसलेल्या खाण कामगाराने बूट सैल केले आणि डोळे मिटून घेतले, जणू असे होणारच हे त्याला ठाऊक होते. जवळपास दोन हजार किलोमीटर उडून आम्ही निघालो होतो त्याच धावपट्टीवर उतरलो. त्या दिवशी मला प्रश्न पडला की जवळ दुसरा विमानतळच नसेल तर इंधन भरताना कोणते अंतर धरत असतील?

उड्डाणपत्र

पारिजातताई, आपला प्रश्न या धाग्याच्या मुळाशी जातो. मी विमान कंपनीत डिस्पॅचचे, म्हणजे उड्डाणाचा मार्ग आणि इंधन आखण्याचे काम करतो. या मार्गावर केलेले नाही, पण नियम सगळीकडे सारखे असल्याने लिहितो.

जेट विमानात इंधन भरताना पाच गोष्टी एकत्र मोजतात. जमिनीवर फिरण्यासाठी लागणारे इंधन, प्रत्यक्ष प्रवासाचे इंधन, वाऱ्यामुळे किंवा मार्ग बदलल्यामुळे लागू शकेल म्हणून प्रवास-इंधनाच्या साधारण पाच टक्के राखीव, ठरलेल्या ठिकाणी उतरता आले नाही तर पर्यायी विमानतळ गाठण्याचे इंधन, आणि या सर्वांनंतरही शेवटचा साठा म्हणून कमी उंचीवर ३० मिनिटे घिरट्या घालता येतील एवढे इंधन. मुंबईला येणाऱ्या विमानाला पर्यायी विमानतळ म्हणून अहमदाबाद, गोवा किंवा नागपूर निवडता येते. लाँगइयरब्येनला जाणाऱ्या विमानाला असा शेजार नाही. स्वालबार्डमध्ये प्रवासी जेट उतरेल अशी दुसरी धावपट्टी नाही आणि दक्षिणेकडे सर्वांत जवळची मोठी जमीन म्हणजे नॉर्वेचा उत्तर किनारा. म्हणून तिथे पर्यायी विमानतळ मुख्य भूमीवरचाच धरावा लागतो, मग ते ट्रोम्सो असो वा त्याच्या आसपासचा दुसरा एखादा.

म्हणजे प्रवाशाच्या तिकिटावर ५१९ सागरी मैल असले तरी टाकीत हजाराहून अधिक मैलांचे इंधन असते. माझ्या दृष्टीने या मार्गाचे खरे अंतर हेच आहे. बोइंग ७३७ जातीच्या विमानाला तेवढे इंधन नेणे मुळीच अवघड नाही, त्याचा पल्ला याच्या कितीतरी पुढे जातो. तरीही वजन वाढते, वाढलेले वजन वाहून न्यायलाही इंधन जळते, आणि हा खर्च नकाशावरच्या कोणत्याही रेघेत दिसत नाही.

येथे एक दिलासाही आहे. दोन इंजिनांच्या विमानांच्या मार्गांवर जवळचा योग्य विमानतळ एका इंजिनावर तासाभराच्या टप्प्यात नसेल तर विशेष परवानगी लागते. या मार्गाच्या मध्यावरून दोन्ही टोके सुमारे ४८० किलोमीटरवर आहेत, त्यामुळे संपूर्ण मार्ग त्या मर्यादेच्या आत बसतो. मध्याजवळच, मार्गाच्या थोडे पूर्वेला, ब्यर्नोया नावाचे बेट आहे. तिथे हवामान केंद्र आहे, पण प्रवासी विमान उतरण्याची सोय नाही.

डोंगरवाट

उड्डाणपत्र, फार उत्तम समजावून सांगितलेत. मग विमान प्रत्यक्षात बृहद्वृत्तावरूनच जाते असे म्हणायचे का? समुद्रावर अडथळा तर काहीच नाही.

उड्डाणपत्र

बहुतांश जाते. त्या समुद्रावरचे उड्डाण नियंत्रण बोडो येथून चालते आणि वाहतूक विरळ असल्याने सरळ मार्ग मिळणे सोपे असते. वाढ होते ती दोन्ही टोकांना. ट्रोम्सोला धावपट्टी साधारण उत्तर-दक्षिण असल्याने उत्तरेकडे उड्डाण केले तर विमान जवळपास थेट मार्गाला लागते. दक्षिणेकडे करावे लागले तर फिरून यावे लागते. लाँगइयरब्येनला पारिजातताईंनी सांगितलेले वळण असते.

शेवटच्या त्या काही किलोमीटरना सर्वांत जास्त मान द्यावा लागतो. २९ ऑगस्ट १९९६ रोजी मॉस्कोहून स्वालबार्डमधल्या बॅरेंट्सबर्गच्या रशियन खाणीतल्या कामगारांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना घेऊन येणारे व्नुकोवो एअरलाइन्सचे टुपोलेव्ह १५४ विमान लाँगइयरब्येनला उतरताना ठरलेल्या मध्यरेषेपासून काही किलोमीटर बाजूला गेले आणि ऑपेरा पर्वतावर आदळले. विमानातील १४१ जणांपैकी कोणीही वाचले नाही. एवढा लांब प्रवास बिनचूक झाला होता आणि घात अगदी शेवटी, अंतराच्या कोणत्याही कोष्टकात ज्यांची गणती होत नाही अशा मोजक्या किलोमीटरमध्ये झाला.

झुआरीकाठ

मी वास्कोचा. आमच्या गावात हेडलँड सडा येथे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे आणि स्वालबार्डमधल्या नी-ओलेसुंद येथील ‘हिमाद्री’ या भारतीय संशोधन स्थानकाचे काम तेथूनच पाहिले जाते. हिमाद्रीचे उद्घाटन १ जुलै २००८ रोजी झाले. स्वालबार्डविषयीच्या १९२० च्या करारात भारताचाही समावेश असल्याने तेथे संशोधनाचा आपला हक्क जुना आहे. त्यामुळे या धाग्यातला मार्ग गोव्यातल्या वैज्ञानिकांच्या रोजच्या बोलण्यातला आहे.

त्यांचा प्रवास लाँगइयरब्येनला संपत नाही. तेथून नी-ओलेसुंदला लहान विमानाने जावे लागते. अनेक वर्षे त्यासाठी डॉर्नियर २२८ जातीची विमाने वापरली गेली आहेत आणि त्याच जातीची विमाने आपल्याकडे कानपूरला हिंदुस्तान एरोनॉटिक्स तयार करते, याचा मला फार आनंद वाटतो. हा शेवटचा टप्पा सुमारे ११० किलोमीटरचा, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटांचा आहे. धागाकर्त्यांनी सांगितलेला नकाशाचा ताण येथे पाच पटींच्या वर जातो, त्यामुळे तोच टप्पा विषुववृत्तावरच्या साडेपाचशे किलोमीटरएवढा दिसतो.

गोव्याच्या दाबोळी विमानतळापासून लाँगइयरब्येनपर्यंतचे बृहद्वृत्तीय अंतर मी काढून पाहिले. ते सुमारे ७,६४० किलोमीटर येते. अर्थात असे थेट विमान नाही आणि प्रत्यक्ष मार्ग युरोपातल्या एखाद्या मोठ्या विमानतळावरून ओस्लोला जातो.

आता माझा प्रश्न. आमच्याकडे अशा प्रवासांतून होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा अंदाज मांडण्याविषयी बोलणे चालू आहे. ट्रोम्सो ते लाँगइयरब्येन या टप्प्यासाठी त्यात कोणता आकडा लिहावा? बृहद्वृत्ताचा ९६१, की उड्डाणपत्र म्हणतात तो दुप्पट?

उत्तरवारा (धागाकर्ता)

झुआरीकाठ, आपल्या प्रतिसादाने या धाग्याला आपल्या मातीशी जोडले, त्याबद्दल विशेष आभार. दुप्पट आकडा लिहू नये असे माझे मत आहे, कारण परतीचे इंधन बहुतेक वेळा जळत नाही, ते फक्त वाहून नेले जाते. परंतु नुसता ९६१ लिहिणेही अपुरे वाटते. उड्डाणपत्र यांनी यावर प्रकाश टाकावा.

उड्डाणपत्र

यासाठी प्रस्थापित पद्धती आहेत, त्याच वापराव्यात. आंतरराष्ट्रीय नागरी विमानचालन संघटनेच्या उत्सर्जन मापनात बृहद्वृत्तीय अंतरात ठरावीक भर घालतात : ५५० किलोमीटरपेक्षा कमी अंतराला ५० किलोमीटर, ५५० ते ५,५०० किलोमीटरच्या दरम्यान १००, आणि त्यापुढे १२५. युरोपीय संघाच्या उत्सर्जन व्यापार योजनेत अंतर कितीही असले तरी सरसकट ९५ किलोमीटर मिळवण्याची रीत आहे. ही भर वळसे, घिरट्या आणि मार्गातले बदल यांसाठी असते.

त्यानुसार ट्रोम्सो ते लाँगइयरब्येन हा टप्पा पहिल्या पद्धतीने १,०६१ किलोमीटर आणि दुसऱ्या पद्धतीने १,०५६ किलोमीटर लिहावा. दोन्हींत फरक नगण्य आहे, मात्र संपूर्ण तक्त्यात एकच पद्धत पाळावी आणि ती कोणती हे वर नोंदवावे. नी-ओलेसुंदच्या टप्प्याबाबत सावध राहा. तिथे ११० मध्ये ५० मिळवले तर अंतर जवळपास दीडपट होते आणि लहान प्रॉपेलर विमानाचा इंधनखर्च जेटच्या सरासरीने मोजला तर तो आकडा आणखी भरकटतो. तो टप्पा वेगळ्या ओळीत, त्या विमानाच्या प्रत्यक्ष इंधनखर्चावरून मांडावा. विमान चालवणाऱ्या कंपनीला विचारले तर हा आकडा मिळू शकतो.

झुआरीकाठ

आभारी आहे. दोन्ही टप्पे वेगळ्या ओळींत घेतो आणि पहिल्या पद्धतीने तक्ता करून पाहतो. लाँगइयरब्येनला न उतरता ट्रोम्सोला मागे फिरलेल्या विमानांसाठी आणखी एक रकाना ठेवावा असे पारिजातताईंचा अनुभव वाचून वाटले. आमच्यापैकी ज्यांची विमाने अशी परतली आहेत, त्यांच्याकडून तारखा मागवतो.